एबीएसच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा घरी निघते. तुमच्या गाडीत ती एबीएस युनिटमध्ये शिरली होती

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की ब्रेक ऑइल घरीच बदललं होतं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली होती, तरी पेडल मऊच राहिलं. आमच्याकडे स्कॅनर लावून पुन्हा तेच काम झालं आणि त्याचे वेगळे पैसे लागले. तुमची उरलेली बाटलीही आम्ही वापरली नाही. शिवाय ‘एबीएसची हवा घरी निघत नाही अशी भीती गॅरेजवाले घालतात.’

आम्ही तसं म्हणत नाही. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ती असली तरी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या वर राहिली, तर बहुतेक गाड्यांत पारदर्शक नळी, बाटली आणि पेडल दाबायला एक माणूस एवढ्यात काम होतं. चाकांचा क्रम तेवढा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा, तो सगळ्या गाड्यांत सारखा नसतो.

पण मागचं चाक करताना टाकी कोरडी पडली, हे तुम्हीच सांगितलंत. येताना जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरलं, हेही. म्हणजे लाइनमध्ये हवा असतानाच एबीएस चाललं. अशा वेळी हवा युनिटमधल्या एरवी बंद असणाऱ्या व्हॉल्व्हपलीकडे जाऊन बसते. मग पेडल कितीही पंप करा, ती चाकाजवळच्या, हवा काढायच्या निपलपर्यंत येत नाही. स्कॅनरने ते व्हॉल्व्ह आणि युनिटचा पंप चालवला की हवा मुख्य लाइनमध्ये येते आणि चारही चाकं पुन्हा ब्लीड करावी, म्हणजे त्यांच्या ब्रेकमधली हवा काढावी लागते. तुम्ही उभे होतात तेव्हा हा शेवटचा भाग चालू होता. स्कॅनरचा खर्च काम सुरू करण्याआधीच सांगितला होता, तो कमी होणार नाही.

बाटलीचं म्हणाल तर ती बरेच दिवस उघडी होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उतारावर सतत ब्रेक लावताना ते उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. तसलं ऑइल आम्ही कुणाच्याच गाडीत घालत नाही.

मला खरी काळजी वाटली ती तुम्ही त्या पेडलवर गाडी चालवत आलात याची. कृपया पुन्हा असं करू नका. फोन करा, गाडी टो करून आणू. आणि पुढच्या वेळी घरी ऑइल बदलण्याआधी मॉडेल आणि वर्ष कळवा. स्कॅनर लागेल की नाही, चाकांचा क्रम कोणता, हे फोनवरच सांगू. त्याचे पैसे नाहीत.