‘10 च्या खाली म्हणजे फेल’ हे कुणी ठरवलं?

परवा रात्री भाचीचा फोन आला. रडवेला आवाज. “मामा, माझा गेम स्कोअर 2.5 आलाय. मी इतकी वाईट खेळले का रे?”

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला होता: ‘बास्केटबॉलमध्ये खेळाडूची मॅच जोखायला गेम स्कोअर हा एकच आकडा पुरे. 10 च्या खाली तो फेल. अमेरिकेत टीम यावरच निवडतात. शिवाय प्लस-मायनस कधी खोटं बोलत नाही.’ खाली आमच्या माटुंग्याच्या मॅचमधल्या सगळ्या मुलींचे आकडे, नावांसकट. तेरा वर्षांच्या पोरी आहेत या!

गेम स्कोअरचं हे सूत्र अमेरिकेतले बास्केटबॉल विश्लेषक जॉन हॉलिंजर यांचं. 10 म्हणजे सरासरी आणि 40 म्हणजे अफाट, हेही त्यांचंच म्हणणं. पण ते एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंबद्दल, 48 मिनिटांच्या मॅचबद्दल. सरासरीला पासिंगचे मार्क कुणी केलं?

आता सूत्रच उघडून बघा. प्रत्येक पॉइंटचा 1, बास्केट झाली की वर 0.4, आणि प्रत्येक शॉटमागे 0.7 वजा. दोन पॉइंटचे दहा शॉट मारले, तीन आत गेले: 6 अधिक 1.2 वजा 7, म्हणजे +0.2. सात शॉट वाया घालवूनही हिशेब नफ्यात! अशी टीम जिंकेल का?

भाचीने शॉट मारले तीन, दोन आत. पण तिचं खरं काम वेगळं होतं. समोरच्या टीमच्या एका उंच मुलीने हाफटाइमपर्यंत 15 पॉइंट केले होते. नंतर तिला धरायला भाचीला सांगितलं. ही तिच्या पुढ्यात हात पसरून अशी उभी राहायची की पासच मिळू नये. त्या मुलीला उरलेल्या मॅचमध्ये 3 पॉइंट मिळाले. सूत्रात या कामाला रकानाच नाही. स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) मोजतात. बॉल हातातच येऊ दिला नाही, याचे शून्य. उलट तिचे तीन फाउल मात्र प्रत्येकी 0.4 ने कापले.

नुसते पॉइंट मोजण्यापेक्षा हे सूत्र बरं, एवढं मान्य करावं लागेल. फेब्रुवारी 2017 मध्ये एनबीएच्या ड्रेमंड ग्रीनने मेम्फिसविरुद्ध फक्त 4 पॉइंट केले, पण 10 असिस्ट (बास्केट करून देणारे पास), 10 स्टील, 5 ब्लॉक. या तिन्हींचेच सूत्रात 20.5 होतात. पॉइंट बघणाऱ्याच्या ते नजरेतून सुटलं असतं.

अमेरिकेत यावरच टीम निवडतात म्हणे! तिथे 2013-14 पासून एनबीएच्या सगळ्या मैदानांत खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत. ते काय उगाच लावलेत?

आणि प्लस-मायनस? खेळाडू कोर्टवर असताना तिच्या टीमचे पॉइंट वजा समोरच्या टीमचे पॉइंट. म्हणजे तो आकडा कोर्टवरच्या पाचही जणींचा असतो. दुसरीच्या हातून बॉल सुटला तरी वजा हिच्या खात्यात. पूर्ण सीझनचा असेल तर काही तरी कळतं, एका मॅचचा नाही.

ज्यांनी ती यादी टाकली त्यांनी ती आजच काढावी. आणि शनिवारी मॅचला या, शेवटच्या क्वार्टरला भाची कुणाला धरते ते कठड्यापाशी उभं राहून बघा.