साधा तंगूस मागितला होता

गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे गरवायला बसणारा माणूस शहाणा नसतो, हे मान्य करूनच पुढे जाऊ. गिरमीट मिळालं होतं, शेजाऱ्याचा तंबू उसना आणला होता, लायसन काढलं होतं. राहिला होता दोरा, आमच्या भाषेत तंगूस. तो घ्यायला शनिवारी पहाटे मी मिल लॅक्सच्या काठावरच्या एका दुकानात शिरलो आणि सात-आठ वर्षांच्या एका मुलीने चार लोकांत माझी पार लाज काढली. राग अजून उतरलेला नाही.

मिल लॅक्स म्हणजे अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या उत्तरेला दोनेक तासांवरचं तळं. म्हणायचं तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. खोली मात्र जेमतेम ४२ फूट, तीही सगळ्यात खोल जागी. एवढ्याशा पाण्यात दोरा सोडायचा तर त्यासाठी दुकानाची एक आख्खी भिंत! २ पौंडी, ३ पौंडी, ४, ६, ८, म्हणजे तुटण्याआधी किती पौंड ओढ सोसेल ते. पांढरा, निळसर, सोनेरी. मोनो म्हणजे साधा नायलॉन, फ्लुरो म्हणजे फ्लुरोकार्बन, ब्रेडेड म्हणजे विणलेला. ज्या खोक्यावर 'आइस' छापलंय त्यात दोरा कमी आणि किंमत जास्त. तोच दोरा उन्हाळ्यात घेतला तर ह्याच पैशात तिप्पट रीळ मिळतं, हे मी तुम्हाला लिहून देतो.

आमच्या मालवणात दुकानदार एकच प्रश्न विचारायचा, "कितीचो?" आपण नंबर सांगायचा, तो तंगूस काढून द्यायचा, संपला व्यवहार. आजोबांचा तंगूस बियरच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला असे. गळाची काडी नाही, रीळ नाही, काही नाही. दोरा तर्जनीवरून सोडलेला आणि डोळे मिटलेले. त्या बोटाला इतक्या चिरा होत्या की आधार कार्डाच्या वेळी ठसा उमटेना. पण त्याच बोटावर त्यांनी तांबोशा ओढल्या, शेंगट्या ओढल्या, आणि एकदा एवढं मोठं पाकट ओढलं की ते कापायला शेजारच्या घरातली सुरी आणावी लागली. अशा घराण्यातला मी.

तर मी त्या भिंतीवरून एक ब्रेडेड दोरा उचलला, आणि कमरेच्या उंचीवरून आवाज आला, "तो नको."

बर्फात घालायचा गुलाबी सूट, समोरचे दोन दात गायब, तोंडात काहीतरी चघळणं चालू. मागे तिचे आजोबा आमिषाच्या टाकीत वाकून छोटे मासे मोजून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का नको?"

"तो पाणी पितो. वर ओढलास की गोठतो. मग काडीच्या कड्यांत बर्फ. मग रडशील."

मी म्हटलं, "हा ताणत नाही. मासा नुसता शिवला तरी हाताला कळतो."

"तंबूत हीटर आहे?"

"नाही."

"मग नको."

मी गुपचूप ब्रेडेड ठेवला आणि साधा नायलॉन उचलला. तिने सुस्कारा सोडला. अगदी बायको सोडते तसा. "तो रिळावर बसून बसून वळ्या घेतो. थंडीत वळ्या सुटत नाहीत." मग हवेत बोट गोल गोल फिरवून तिने मला वळी म्हणजे काय ते दाखवलं. "आमिष खाली गरगरतं. वॉलाय मासा येतो, चोखून बघतो, थुंकतो, जातो. तुला कळणारपण नाही."

एव्हाना दुकानातले दोघे-तिघे ऐकत होते. आता आपली बाजू मांडणं भाग होतं.

"मी लहानपणापासून मासे धरतोय. समुद्रात."

"बर्फ होता?"

"समुद्रात बर्फ कुठून असणार? भारतात."

"मग ते धरायचं नाही."

पाकटासकट सगळं गेलं.

दुकानदार गल्ल्यामागून गोड हसला आणि त्याने विचारलं, "पहिला हिवाळा का?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतं. इथे माझं घर आहे, मी कर भरतो, दारातला बर्फ माझा मीच उपसतो, वर शेजारच्या म्हातारीचाही उपसतो. पण चेहरा बघून लोकांनी ठरवलेलं असतं की हा गेल्या आठवड्यात विमानातून उतरला. बरं, विचारतात इतक्या प्रेमाने की भांडायचीही सोय नाही. मी नेहमीसारखा हसलो आणि मान हलवली.

राहिला फ्लुरो. इथे मात्र मी इंजिनिअर आहे. मी तिला सांगितलं, "पाण्याचा अपवर्तनांक १.३३. ह्याचा १.४२. साध्या नायलॉनचा १.५ च्या वर. ह्याचा आकडा पाण्याच्या जवळचा, म्हणून हा पाण्यात कमी दिसतो."

ती चघळायची थांबली. क्षणभर वाटलं, जिंकलो.

"आजोबा म्हणतात, माशाला दिसत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा चघळू लागली.

वॉलायला फसवणं तसं अवघडच. त्याच्या डोळ्याच्या मागे मांजरासारखा चकाकणारा थर असतो. अंधुक उजेडात बाकीच्या माशांना जिथे दिसत नाही तिथे हा शिकार करतो. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे आणि त्या मानाने त्याचे नखरेही आहेत. थंडीत तो सुस्त होतो, आमिषाला जेमतेम तोंड लावतो. म्हणून दोरा बारीक हवा. पण बारीक म्हणजे किती? मी २० पौंडीकडे हात नेला. तुटायला नको, एवढाच माझा साधा विचार.

"पाइक धरायचाय?" तिने विचारलं.

"जे येईल ते."

"जे येईल ते असं नसतं," ती म्हणाली.

खरं तर सगळ्यात जास्त मला हेच झोंबलंय. आमच्याकडे जे येईल ते हाच कार्यक्रम असतो. आलं ते पातेल्यात, आणि काय आलं ते बघून आई ठरवते, कालवण की तळायचं. इथे तुम्ही काठावर, कोरडे उभे असताना आधी मासा नक्की करायचा. सनफिश, क्रॅपी असले छोटे मासे म्हणाल तर २ ते ४ पौंडी. वॉलाय तर ६. पाइक तर जाड दोरा, वर पुढे तारेचा तुकडा, कारण तो दाताने कापतो. मासा अजून पाण्यात, त्याला पत्ता नाही, आणि आपण त्याच्या मापाचा दोरा शिवून घेतोय! आणि वॉलायच्या दोऱ्याला पाइक लागला तर? तो काय चौकशी करून येणार आहे?

हे मी तिला विचारलंसुद्धा. "मग तुटेल," ती म्हणाली.

शेवटी ६ पौंडी फ्लुरो घेतला. तेवढ्यात तिने मला गाठही शिकवून टाकली. फ्लुरोची गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने तापून कमजोर होते, म्हणून आवळण्याआधी ओली करायची. "थुंकी लाव," असा सरळ हुकूम. शून्याखाली थंडीत ओठ दोऱ्याला चिकटतील का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

आजोबांचं मोजून झालं होतं. पिशवी बांधत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. दुकानदाराने बिल माझ्या हातात दिलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "छान निवडलंस गं."