तिसरा गट कुठे गेला?

ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचा चिनी उपचार, यावरच्या एका लेखात जर्मनीतल्या २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखी चाचणीवरून ‘नेहमीच्या उपचारांपेक्षा ॲक्युपंक्चर जवळजवळ दुप्पट गुणकारी’ असं ठोकून दिलंय. आकडे खरे, पण अर्धेच. ११६२ रुग्णांचे तीन गट होते. सहा महिन्यांनी चिनी पद्धतीने सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला, औषधं-फिजिओथेरपी-व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. तिसऱ्या गटाला मुद्दाम भलत्याच जागी, जेमतेम १ ते ३ मिलिमीटर खोल सुया टोचल्या होत्या. त्यांचा आकडा ४४.२! मग ॲक्युपंक्चरवाले सांगतात ते नेमके बिंदू आणि ‘ची’च्या (शरीरात वाहते असं मानलेल्या जीवनशक्तीच्या) वाहिन्या यांचं काय करायचं?

थोतांड म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. वरवरची सुईसुद्धा टोचतेच, तिला साखरेची गोळी म्हणता येत नाही. शिवाय गोळ्या-व्यायामवाल्यांना आपल्या वाट्याला सुया आलेल्या नाहीत हे दिसतच होतं. त्या २७ टक्क्यांत थोडी नाराजीही मिसळलेली असावी, असं आपलं माझं मत.

आणि हो, २००६मध्ये जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्यात जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर घेतलं, अर्धशिशीसाठी मात्र नाकारलं. लेखात तेही नाही.