मीटर रीडर

आज सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. सोबत नवे भाडेकरू. काकांनी माझी ओळख करून दिली, "हा आपल्याच लाइनीतला. मीटर रीडर." भाडेकरूंनी माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आमच्याकडे कधी येता?"

मला राग यायला दोन मजले लागले, आणि तोवर तळमजला आला.

झालं होतं एवढंच. आमच्या ऑफिसची शंभरेक यंत्रं, म्हणजे सर्व्हर, एका बड्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे तिच्या जागेतल्या कॉम्प्युटरांवर, भाड्यानं आहेत. (नाव घेत नाही, घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं लागेल.) यंत्रांवर ताण किती, नेटवर्कवर ये-जा किती, हे ती कंपनीच मोजून ठेवते. ते आकडे उचलून आमच्या डॅशबोर्डवर, म्हणजे आलेखांच्या स्क्रीनवर, आणायचे, त्यासाठी टेलिग्राफ नावाच्या फुकट प्रोग्रॅमचं एक प्लगइन, म्हणजे जोडपुरवणी, बसवायचं. "दहा मिनिटांचं काम आहे," मॅनेजर म्हणाले. आकडे वाचायची परवानगी मिळवण्यातच दोन दिवस गेले.

टेलिग्राफ हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी कधी तार आली नसावी. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली आणि २०१५ मध्ये हा टेलिग्राफ अवतरला. आमच्याकडे तार आली की आजी पाकीट फोडायच्या आधीच रडायला बसायची. मामाला नोकरी लागल्याची तारही रडारडीतच वाचली गेली, हे मामा अजून ऐकवतो. पण निदान तार काहीतरी बोलायची. माझा टेलिग्राफ तोंडच उघडेना. चूक नाही, तक्रार नाही, आकडाही नाही. तीन संध्याकाळी मी कोऱ्या डॅशबोर्डकडे बघत बसलो होतो.

अशा तिसऱ्या संध्याकाळी काका आले. दर महिन्याला ते लाइट बिल भरायला माझ्याकडे येतात. मोबाइलवर बिल मी भरायचं, ते रोख पैसे मोजून देणार, सुट्ट्यासकट. त्याआधी मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी, सगळं पेन्सिलीनं तपासून होतं. चौतीस वर्षं त्यांनी मीटर वाचले. बिलाच्या कागदावर त्यांचा तसा विश्वास नाही, पेन्सिलीवर आहे.

"काय करतोयस?"

"सर्व्हरचे मेट्रिक्स गोळा करतोय, काका."

"मराठीत सांग."

"यंत्रांचे आकडे. दर मिनिटाला वाचायचे."

काकांनी खुर्ची ओढली. "म्हणजे मीटर रीडिंग."

"तसं नाही अगदी..."

"दर मिनिटाला? आम्ही महिन्यातून एकदा जायचो तरी लोक कुत्रा सोडायचे."

एव्हाना चष्मा नाकावर चढला होता आणि बोट स्क्रीनवर टेकलं होतं. स्क्रीनवर बोट टेकवणाऱ्या माणसांबद्दल माझं एक मत आहे, पण ते वयानं मोठे. "हे ॲव्हरेज काय लिहिलंयस?"

"सरासरी. बेरीज, कमाल, किमान, सगळं मिळतं."

"सरासरी आम्ही कधी टाकायचो माहितेय? दाराला कुलूप असलं की."

मी विषय बदलावा म्हणून माझं गाऱ्हाणं काढलं. म्हटलं, प्रोसेसर किती चालला ते कंपनी बाहेरून सांगते, पण मेमरी किती भरली ते नाही सांगत. त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या आत एजंट नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम बसवा.

"मग बरोबरच आहे ना! मीटर जिन्याखाली असतो. तुझ्या फ्रिजमध्ये काय ठेवलंयस ते मला जिन्याखालून कसं कळणार?"

इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ मला कुणी समजावलं नव्हतं, त्यामुळे जास्तच चीड आली.

"बरं, आकडा किती आला?"

"काहीच नाही."

"शून्य?"

"शून्य नाही. काहीच नाही."

काका ताठ बसले. आता ते माझ्या घरात नव्हते, ड्युटीवर होते. "मग नीट सांग की! शून्य म्हणजे माणूस गावाला गेलाय. काहीच नाही म्हणजे तू मीटरपाशी पोचलाच नाहीस. पत्ता बघ."

"काका, याला पत्ता नसतो."

"पत्ता सगळ्याला असतो. मी एकदा बी विंगचं पुस्तक घेऊन डी विंगमध्ये शिरलो होतो. अर्धा तास मीटर शोधतोय, एक नंबर जुळेल तर शपथ." आणि बोट पुन्हा स्क्रीनवर. "हे काय आहे?"

तो प्रदेशाचा रकाना होता, म्हणजे यंत्रं जगात कुठं ठेवलीत ते सांगायचा. नमुन्याच्या फाइलमध्ये जे होतं ते मी तसंच उचललं होतं.

"हे... व्हर्जिनिया."

"कुठं आलं?"

"अमेरिकेत."

"आणि तुझी यंत्रं?"

"मुंबईत."

काका काही बोलले नाहीत. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. बोलले असते तर परवडलं असतं.

व्हर्जिनियात आमचं एकही यंत्र नाही, त्यामुळे व्हर्जिनियानं प्रामाणिकपणे रिकामी यादी दिली. रिकामी यादी ही चूक धरत नाहीत, म्हणून लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, ओळ नाही. मी प्रदेश बदलला, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, आणि पाच-सात मिनिटांत आलेख उगवले. काकांनी बिलाचे सुट्टे मोजून टेबलावर ठेवले आणि गेले. ती बातमी कट्ट्यावर माझ्या आलेखाआधी पोचली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसलो असतो. पण हे आकडे वाचायचे पैसे पडतात. हजार आकडे मागितले की एक सेंट. ऐकायला चिल्लर वाटते. शंभर यंत्रांचे दहा-दहा आकडे, दर मिनिटाला, म्हणजे दिवसाला १,४४० खेपा आणि १४ डॉलर ४० सेंट. महिन्याला ४३२. आमची यंत्रं आहेत साध्या दराची, ती नवा आकडा टाकतात पाच मिनिटांतून एकदा. म्हणजे पाचांतल्या चार खेपा रिकाम्या, पैसे पाचांचे. तारेत निदान पोचलेल्या शब्दांचे पैसे घेत. यंत्रांचं भाडं आम्ही भरतो, आणि ती दमलीत का हे विचारायचं भाडं वेगळं. हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण मॅनेजरांनी ते ईमेलमध्ये चौदा जणांना कळवायची गरज नव्हती. आणि "दहा मिनिटांचं काम" म्हणणारे कोण होते, ते त्या ईमेलमध्ये कुठंच नव्हतं.

मिनिटाचे पाच मिनिटं करून संध्याकाळी घरी आलो तर बेल वाजली. दारात नवे भाडेकरू, हातात लाइट बिल. "काका म्हणाले तुम्ही बघाल. जरा जास्त आलंय."

मी तोंड उघडलं, मिटलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि जिन्याखाली गेलो. रीडिंग बरोबर होतं.