अभिनंदन हेडसर! आता स्टाफला मोटिव्हेट करा

सेवाज्येष्ठता यादीत एकदाचा नंबर लागला, फिरती खुर्ची मिळाली, पेढे पण वाटून झाले. आता स्टाफमध्ये जोश कसा भरायचा ते २२ वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाकडून ऐका, फुकट सांगतोय.

पहिलं म्हणजे मस्टर टेबलावरून उचला आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाका. अकरा वाजून दोन मिनिटं झाली की लाल रेघ. एसटी बंद पडली, पोरगं तापलं होतं, असलं काही ऐकायचं नाही. शाळा सुटल्यावर सहापर्यंत थांबून कच्च्या पोरांचं गणित घेणाऱ्या मॅडमना पण तीच रेघ, मस्टरला फक्त येतानाची वेळ कळते.

वर्गात मात्र चुकूनही जाऊ नका. मागच्या बाकावर बसून तास बघायचा, नंतर चहा घेता घेता त्यावर दोन गोष्टी बोलायच्या, हे असलं नसतं काही सुरू केलंत तर मास्तरांना वाटायला लागेल की आपण काय शिकवतो याच्याशी कुणाला तरी देणंघेणं आहे, आणि मग ते तयारी करून यायला लागतात, प्रश्न विचारतात, साहित्य मागतात, नसता ताप. त्यापेक्षा लॉगबुक केबिनमध्येच भरा. 'अध्यापन समाधानकारक', खाली तारीख. वर्षभर पुरतं.

आणि सूचना वही! ती भर तासालाच फिरवायची. आमच्याकडे एकदा आठवीत तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश यावरून वर्ग पेटला होता, वर्षभर तोंड न उघडलेली एक पोरगी कागदाच्या दोन भाकऱ्या कापून फळ्यापाशी आली, एकीचे चार तुकडे, दुसरीचे तीन, आणि ती आता बोलणार एवढ्यात शिपाईमामा दारात. "सर, सही." सूचना काय, तर वृक्षारोपणाचे जिओटॅग फोटो दोनच्या आत ग्रुपवर टाका. सही करून वळलो तर पोरगी जागेवर जाऊन बसलेली. झाडं सात होती, फोटो चाळीस गेले.

आता आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून बाकीची अशैक्षणिक कामं मास्तरांना लावू नका असं लिहिलंय. एवढं काय घाबरायचं? कामाच्या पुढे 'उपक्रम' लिहा, काम शैक्षणिक होतं. कौतुकाचं म्हणाल तर ५ सप्टेंबरला गुलाब, ६ तारखेला मेमो, म्हणजे बॅलन्स राहतो.

राहिला निकाल. त्यासाठी शिकवावं लागतं असं तुम्हाला कोण बोललं? २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढले तर धाडकन ७७.१० वर आला, मार्क परत दिले तर २०२० ला ९५.३०. (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, पण ते आपण बोलायचं नाही.) तेच मास्तर, तेच फळे. मग जीव कशात आहे ते ओळखा आणि वीसपैकी एकोणीस द्यायला शिका, वीस दिले की डोळ्यात येतं.

तरीही एखादा बुडणारच असेल तर त्याला नववीतच गाळा. बापाला केबिनमध्ये बोलवा, खुर्ची द्या, "झेपत नाही हो त्याला" असं मायेनं सांगा आणि १७ नंबरचा फॉर्म भरायला लावा. बाहेरून बसून तो नापास झाला तरी आपल्या टक्केवारीला धक्का नाही. गेटवर फ्लेक्स लावा, 'उज्ज्वल निकालाची परंपरा, १००%', मधोमध तुमचा फोटो, पोरांचे खाली स्टॅम्पसाइज.

त्या गाळलेल्या पोराचं काय होतं म्हणता? काही नाही, भेटतो. परवा आमच्या सरांनी नवी गाडी हवा भरायला स्टँडमागच्या पंक्चरवाल्याकडे लावली तर हाच पळत आला, हात पुसून पाया पडला. सरांना नाव काही आठवेना. तो चाकापाशी बसला आणि नळी लावत म्हणाला, "सर, पस्तीस ठेवू का?"