"स्वतःला घर नाही आणि कुत्रा पाळतात" वाल्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, तुम्हालाही आला असेल. फुटपाथवर झोपलेला माणूस, कुशीत कुत्रा, आणि खाली लिहिलंय की यांना स्वतःला खायला नाही तरी कुत्री पाळतात, सरकारी निवारे आहेत तिथे जात नाहीत, यांच्यामुळे रेबीज पसरतो, सुप्रीम कोर्टाने पण आता बंदी घातलीय, तेव्हा अजिबात मदत करू नका. मी दादर-परळ पट्ट्यात इतकी वर्षं राहतेय, या लोकांना रोज बघते, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

आधी ते "पाळतात". अहो, पाळायला आणत नाही कुणी, कुत्रा येतो. दोन रात्री पायाशी झोपतो, तिसऱ्या दिवशी त्याला नाव पडतं. आमच्या इथे पुलाखाली एक काकू राहतात, पहाटे फुलमार्केटात हार ओवायचं काम करतात, त्यांचा काळू असाच आला. एकटी बाई उघड्यावर झोपलीय, रात्री दोनला कुणी पिऊन जवळ सरकलं तर पहिला कोण उठतो? काळूच ना. आधार कार्ड, दोन साड्या, चार पैसे असलेली पिशवी उशाला असते आणि काकूंचा डोळा लागतो तो काळू आहे म्हणून. आपण वॉचमन ठेवतो, कॅमेरे लावतो, त्यांच्याकडे हा आहे.

निवाऱ्यांचं तर सरळ गणित करून बघा. शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेत दर १ लाख लोकसंख्येमागे निदान १०० माणसांचा एक निवारा असं धरलं होतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, तेवढे नाहीयेत, आणि समजा उद्या सगळे बांधून झाले तरी साडेबारा हजारच लोक मावतील, त्याच जनगणनेत शहरात बेघर मोजले गेले ५७ हजारांच्या वर. बाकीच्यांनी कुठे जायचं? परत काम जवळ लागतं. पहाटे चारला मार्केटात पोचायचंय तर माणूस लांबच्या निवाऱ्यात झोपून कसा येणार? मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, सुप्रीम कोर्टाने हेच बघितलं होतं की लोक फुटपाथवर राहतात ते कामाच्या जवळ असावं म्हणून. आणि कुत्र्याला आत घ्यायची सोय कुठे असते? त्याला बाहेर सोडून या म्हटलं की काकूंसारखी बाई येतच नाही.

रेबीजची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर ती असणारच. कुत्रा चावला किंवा ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद-चुना लावत बसू नका. पण रेबीज थांबतो लसीने, कुत्र्याला उपाशी ठेवून नाही. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली की रोग पसरायची साखळी तुटते. गोव्यात वर्षानुवर्षं गल्लोगल्ली कुत्र्यांना लस दिली आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आमच्याकडे लसवाले आले तेव्हा बाकीच्या कुत्र्यांमागे जाळी घेऊन पळापळ चालली होती, आणि काळूला काकूंनी मांडीवर धरलं, अर्ध्या मिनिटात काम झालं. नसबंदी झाल्याची कानाची खूणही आहे त्याला. ज्याला माणूस आहे तो कुत्रा हाती लागतो, एवढी साधी गोष्ट आहे.

कोर्टाचं म्हणाल तर ११ ऑगस्ट २०२५ चा दिल्लीतली कुत्री शेल्टरमध्ये टाकायचा आदेश २२ ऑगस्टलाच बदलला. नसबंदी करा, लस द्या, होती तिथेच परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका, आणि खायला ठरवलेल्या जागीच घाला. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितलं. तेव्हा हॉस्पिटलच्या गेटवर बिस्किटं टाकू नका, हे बरोबरच आहे. पण फुटपाथवरच्या माणसाला जेवण देऊ नका असं यातल्या कुठल्या आदेशात आहे?

राहिलं "अजिबात मदत करू नका". दोन पावसाळ्यांपूर्वी काकूंना जबरदस्त ताप भरला, उभं राहवेना, डॉक्टर म्हणाले ॲडमिट व्हा, तर त्या नाहीच म्हणाल्या. काळूला कुणी उचलून नेलं तर, एवढंच एक. आम्ही सगळे समजावून थकलो, मग कोपऱ्यावरचा चहाचा टपरीवाला म्हणाला काकू तुम्ही जा, हा माझ्याकडे राहील. तेव्हा कुठे त्या रिक्षात बसल्या. नऊ दिवस काळू टपरीच्या फळीखाली गोणपाटावर होता, समोरचा मेडिकलवाला दुपारी दहीभात आणायचा, शाळेतून येणारी पोरं पाण्याचं भांडं भरायची, आणि मी रोज हॉस्पिटलात जाऊन फोटो दाखवायचे कारण त्याशिवाय काकू जेवायच्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी टपरीवाल्याला किती झाले म्हणून विचारलं, त्याने पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टपरीतल्या गणपतीच्या फोटोला झेंडूचा ताजा हार येतो, आज सकाळी पण होता.