पदवी घ्या, पण विद्यार्थीदशा सोडू नका

नागपुरात शिकायला निघालेल्या प्रत्येक मुलाला घरून एक उपदेश मिळालेला असतो: वेळेत शिक्षण पूर्ण कर आणि कामाला लाग. गोंदिया-भंडाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये हा उपदेश डब्यातल्या पोळ्यांसोबत बांधून दिलेला असतो आणि पोळ्यांप्रमाणेच तोही कामठी येईपर्यंत संपून जातो. उपदेशामागची तळमळ मला मान्य आहे. परंतु ज्यांनी वेळेत शिक्षण पूर्ण केले, त्यांचे पुढे काय झाले हे मी फार जवळून पाहिले आहे. पदवीचा निकाल लागला की चौथ्या दिवसापासून त्यांना लग्नकार्यात, बसस्टॉपवर आणि सलूनच्या खुर्चीत 'सध्या काय चालू आहे?' असे विचारले जाऊ लागते. विद्यार्थ्याला मात्र या प्रश्नाचे भय नसते, कारण त्याचे उत्तर तयार असते. 'एम.ए. करतोय जी,' एवढे म्हटले की विचारणारा 'छान, छान' म्हणतो आणि आपली दाढी करून घेतो. तेव्हा नव्या मित्रांनो, पदवी अवश्य घ्या, हव्या तितक्या घ्या, पण विद्यार्थीदशा सोडू नका. मी २००३ साली या शहरात आलो आणि अजून विद्यार्थी आहे. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी नम्रपणे समजतो.

टिकून राहणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ माझ्या डोळ्यांदेखत पार बदलून गेले. मी प्रवेश घेतला तेव्हा ते नुसते नागपूर विद्यापीठ होते. २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, म्हणून माझ्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एक नाव आहे आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर दुसरे. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. २०२३ मध्ये विद्यापीठाला शंभर वर्षे झाली आणि त्याच वर्षी लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. मधल्या काळात मुंजे चौकातून डोक्यावरून मेट्रो धावू लागली. जिल्हे गेले, संस्था गेली, नाव बदलले; मी कुठेही गेलो नाही.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्याकडे परीक्षांची नावे महिन्यांवरून नव्हे तर ऋतूंवरून पडलेली आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेलच: उन्हाळी परीक्षा आणि हिवाळी परीक्षा. या नामकरणात मोठे शहाणपण आहे. महिना हातून निघून जातो, ऋतू मात्र फिरून येतो. उन्हाळ्यात विषय राहिला तर हिवाळा आहे, हिवाळ्यात राहिला तर उन्हाळा आहे; शेतकऱ्याचा खरीप बुडाला तर तो रब्बीकडे पाहतो, तशी ही व्यवस्था आहे. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता आले, म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी मुले पाहिली की मला त्यांची कीव येते. राहिलेला विषय हा पाश नसून नांगर आहे. त्याच्यामुळेच जहाज बंदरात राहते. मी स्वतः इंग्रजीचा एक पेपर अशा निष्ठेने सांभाळला होता, की ज्या सत्रात तो चुकून सुटला त्या सत्रानंतर मला काही दिवस करमत नव्हते.

घरून विचारणा झालीच तर डॉ. श्रीकांत जिचकार यांचे नाव घ्यावे. नागपुरात शिक्षणाविषयीचे कोणतेही संभाषण या नावाशिवाय पूर्ण होत नाही आणि वडीलधाऱ्यांसमोर ते कधीच वाया जात नाही. १९७३ ते १९९० या काळात या माणसाने दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात मिळून विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्या. डॉक्टर झाले, वकील झाले, एकामागून एक एम.ए. केले, पोलीस सेवेची आणि प्रशासकीय सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन दोन्ही सोडले आणि १९८० साली पंचविशी जेमतेम ओलांडली असताना आमदार झाले. यातला परीक्षांचा आकडा तेवढा सांगावा आणि बाकीच्या तपशिलात शिरू नये. माझाही आकडा ४२ च्या आसपास पोहोचला आहे. त्यातल्या बऱ्याच परीक्षा एकाच विषयाच्या होत्या, हे वडिलांना सांगण्याची वेळ सुदैवाने अजून आली नाही.

विषय निवडताना घाई करू नका. पहिली एम.ए. आवडीच्या विषयात करावी, दुसरी ज्या विषयात जागा शिल्लक असतील त्यात. तिसरीच्या सुमारास लोक हसू लागतात. तेव्हा कायद्याकडे वळावे. तीन वर्षांच्या एल्एल.बी.इतके हवेशीर आश्रयस्थान साऱ्या शिक्षणव्यवस्थेत दुसरे नाही. वर्गात निवृत्त कारकून, नोकरी करणारे फौजदार आणि तुमच्यासारखे अनुभवी विद्यार्थी एका बाकावर बसतात व वयाबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. शिवाय पी. व्ही. नरसिंह राव नागपुरातच कायदा शिकले आणि पुढे पंतप्रधान झाले, हे वाक्य येथे फार उपयोगी पडते.

नव्या शैक्षणिक धोरणाने मात्र सुरुवातीला माझी झोप उडवली होती. एक वर्ष झाले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर, दोन वर्षे झाली की पदविका घेऊन बाहेर, तीन झाली की पदवी घेऊन बाहेर. इतकी बाहेर पडण्याची दारे पाहून छातीत धस्स झाले. मग नीट वाचले तेव्हा कळले की बाहेर पडलेल्याला पुन्हा आत येण्याचीही सोय आहे आणि त्याने मिळवलेले क्रेडिट एका बँकेत सात वर्षांपर्यंत सांभाळून ठेवले जातात. ज्या बँकेत आपण काही ठेवले आहे, अशी ही माझ्या आयुष्यातली पहिलीच बँक.

राहण्याची व्यवस्था पांढराबोडी, रामनगर किंवा गोकुळपेठेच्या बाजूला करावी. तिथून विद्यापीठाचा परिसर जवळ, आणि फुटाळा तलाव त्याहून जवळ वाटतो. खोलीत कूलर हवाच, कारण उन्हाळी परीक्षा ज्या दिवसांत येते त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर असतो आणि दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. कूलरवरूनच खोलीतली उतरंड ठरते. पहिल्या वर्षाचा मुलगा बादलीने पाणी भरतो, दुसऱ्या वर्षाचा पंप बंद पडला की त्याला थापट मारतो, तिसऱ्या वर्षाचा ताट्यांतले गवत बदलण्यासाठी वर्गणी गोळा करतो, आणि माझ्या श्रेणीचा विद्यार्थी फक्त त्याच्या थेट समोर झोपतो. पेपरच्या आदल्या रात्री चौघे 'अपेक्षित' उघडून बसलेले असतात, वाऱ्याने पाने फडफडत असतात, कोणी पानांवर पाण्याची बाटली ठेवते, कोणी चप्पल. अपेक्षित प्रश्नांपैकी चार हमखास येतात, असे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला सांगते. ते चार कोणते, हे सांगण्याची परंपरा नाही.

पदव्यांचे गाठोडे जड झाले की अभ्यासिकेत जावे. येथून खऱ्या अर्थाने दीर्घायुष्य सुरू होते. सकाळी पोह्यांवर चण्याची तर्री ओतून घ्यावी, डोळ्यांतून पाणी आले की जाग आली असे समजावे आणि आपल्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसावे. खुर्चीवर घरून आणलेली उशी असावी, समोर भिंतीवर सरकारी नोकरीच्या परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचे वेळापत्रक असावे, आणि टेबलावर पुस्तकांची चळत इतकी उंच असावी की मागे मोबाइल आहे की माणूस झोपला आहे, हे कळू नये. दर तासाने चहाला उतरावे. त्या टपरीवर जागा किती निघणार, जाहिरात कधी येणार आणि कोणाची यादी न्यायालयात अडकली, यावर जी चर्चा होते ती ऐकून राज्य चालवायला किती माणसे तयार आहेत याची कल्पना येते. फक्त जागा नाहीत. मी ३१ वर्षांचा असताना एकदा गाशा गुंडाळायला घेतला होता. नेमक्या त्याच वर्षी, २०१६ मध्ये, सरकारने नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांची ४३ केली, आणि मी गाशा परत उलगडला. पुढे राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा पर्यायांवर खुणा करण्यात वर्षे घालवलेल्या माझ्या सोबत्यांना पुन्हा पहिलीपासून पाटी गिरवावी लागली. माझे वय तोपर्यंत ३८ च्या पार गेलेले होते, पण सवयीने मीही त्यांच्यासोबत नवीन वह्या घेतल्या.

एका बाबतीत मात्र माझ्याकडून हयगय झाली, ती तुम्ही करू नका. फोटो वेळच्या वेळी काढत जा. बी.ए.च्या वेळी मी पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या पुष्कळ प्रती स्वस्तात करून घेतल्या होत्या आणि त्या संपेपर्यंत वापरायच्या, असा काटकसरीचा विचार केला होता. यंदाच्या प्रवेशअर्जावर त्यातलाच एक चिकटवला: भरघोस केस, ओठांवर नुकतीच फुटलेली मिसरूड, चौकड्यांचा शर्ट. एका महाविद्यालयाच्या खिडकीवर दीड तास उभे राहून तो अर्ज आत सरकवला, तेव्हा आतल्या तरुण बाबूने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अतिशय आदराने म्हणाला, "काका, मुलगा स्वतः आला असता तर बरं झालं असतं. असो, पालकांची रांग तिकडे आहे."

वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. मी निमूटपणे त्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ हातात पिशवी धरून उभा होता. तो वळला तेव्हा ओळख पटली. बी.ए.ला आम्ही एका खोलीत होतो, कूलरमध्ये पाणी भरण्यावरून आमची भांडणे होत असत. तो वेळेत पदवी घेऊन भंडाऱ्याकडे परत गेला, लग्न केले, शेती आणि खताचे दुकान सांभाळले. मोठी मुलगी बारावी झाली, तिच्या प्रवेशासाठी आलो, असे त्याने सांगितले, आणि मग मला विचारले, "तू कोनासाठी आला बे?"

"पुतण्यासाठी," मी म्हणालो, आणि हातातला अर्ज फोटोची बाजू आत करून दुमडला.